भरतीच्या पाण्याची जागा

(पहाट. नेरुळ-सीवूड्सच्या टोकाला, एनआरआय संकुलामागचं तळं. पलीकडे इमारतींचे दिवे.)

उधाणाची भरती आहे. खाडीचं पाणी आत येतंय. आधी चिखलातली बिळं भरतात, निवट्या उड्या मारत वर सरकतात, मग तिवरांची मुळं बुडतात. बघता बघता तळं भरून जातं. हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत याच वेळेला रोहित पक्षी इथे उतरतात. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उथळ पाण्यात पाय टेकायला ही जागा लागते. ओहोटी लागली की पुन्हा खाडीत, चरायला.

या जागेवर निवासी संकुल आणि गोल्फ कोर्स उभारता यावा म्हणून २०१६ साली राज्य शासनाची अधिसूचना निघाली. ना-विकास क्षेत्र, म्हणजे जिथे बांधकाम करायचं नाही अशी जागा, एका कागदाने निवासी झालं. रहिवासी न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. मग ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेचा पहिला प्रारूप विकास आराखडा आला, आणि त्यात पाणथळ जागा पुन्हा निवासी वापराखाली दिसल्या. लोकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या.

(एका जुन्या इमारतीचा तळमजला. स्वयंपाकघर.)

या काकींच्या फ्रिजखाली दोन-दोन विटा आहेत. कपाटाखालीही. एका पावसाळ्यात घरात घोटाभर पाणी शिरलं, तेव्हापासून त्या काढलेल्या नाहीत. आता तळ्याकडच्या जागेवर टॉवर येणार असं कानावर आलं की त्या पहिल्यांदा एकच विचारतात, पाणी कुठे जाईल?

प्रश्न रास्त आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाजणावर भराव घालून वसलाय आणि कितीतरी ठिकाणी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून शहर आखतानाच धारण तलाव ठेवले गेले. भरती चढली की खाडीच्या तोंडाच्या झडपा पाण्याच्या दाबानेच मिटतात. तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपा उघडतात आणि ते खाडीत निघून जातं. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं, तर शहर या थांबलेल्या पाण्याच्या भरवशावर असतं. थांबायला मोकळी जागाच उरली नाही, तर ते काकींच्या स्वयंपाकघरात येणार.

(करावे गाव. विणायला घेतलेलं जाळं.)

गावकऱ्यांची काळजी जुनी आहे. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आलं आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. योग्य मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जमिनीचा वापर बदलतोय म्हटल्यावर इथल्या घरांत अजूनही चलबिचल होते, ती या आठवणीने. शेत गेलं, मिठागर गेलं. खाडीवर चिंबोरी, बोयटं पकडणाऱ्यांचं मात्र अजून भरतीच्या वेळेवर चालतं.

घरं नकोत, असं आम्हाला कुणीच म्हणालं नाही. काकींचा मुलगा भाड्याच्या खोलीत राहतो. गावात गरजेपोटी, परवानगीविना बांधलेली घरं नियमित होण्याची वाट बघत आहेत. मग या टॉवरमधलं घर यांच्यातल्या कुणाला परवडणार आहे, हे विचारायला हवं. आणि ते नकाशा मंजूर होण्याआधी विचारायला हवं.

विचारण्याची वाट कायद्यात आहे. प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा, तर सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची. सूचना राजपत्रात येते, वर्तमानपत्रात येते, बारीक अक्षरांत. सर्व्हे नंबर, हद्दी, क्षेत्रफळ. आपल्या खिडकीतून दिसणारं तळं त्या आकड्यांत ओळखायला एक संध्याकाळ सहज जाते.

काकींच्या जेवणाच्या टेबलावर अशीच एक संध्याकाळ आम्ही बघितली. सोसायटीतली सहा-सात माणसं, मधोमध पसरलेला नकाशा, कोपऱ्यांवर डाळ-तांदळाचे डबे ठेवलेले. ना-विकास पट्टा हिरवा, निवासी पट्टा पिवळा. एका आजोबांनी भिंग घेऊन पिवळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे तर मी रोज सकाळी फिरतो.

दुसऱ्या दिवशी हरकतीच्या अर्जाच्या दोन प्रती झाल्या. एक खिडकीत दिली, दुसरीवर पोचेचा शिक्का घेतला. काकींनी ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. सुनावणीचं पत्र अजून आलेलं नाही.

(तळं. पाणी उतरू लागलंय. पक्ष्यांचा थवा खाडीकडे उठतो.)