रेघेवरचा शब्द

(दृश्य: ऐरोली, दिवागावाकडची खाडी. ओहोटी.)

ओहोटी लागली की ठाण्याची खाडी अशी उघडी पडते. दूरवर चिखल, त्यातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची मुळं, आणि मधूनच टुणकन उडी मारणारी निवटी, चिखलातली मासळी. आमच्या बाईंचा वर्ग इथून सुरू व्हायचा.

बाई आम्हाला सातवीत विज्ञान शिकवायच्या. वर्गात साठाच्या वर मुलं. काही कोळी-आगरी घरांतली, काहींचे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत. नोकरीच्या सुरुवातीपासून बाईंना एक गोष्ट खुपायची. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि "म्हणजे काय रे?" असं विचारलं की खाली बघतात. आतलं कळलंय की नाही, हे बघायचं कसं? पुढची तीस वर्षं त्या हेच शोधत राहिल्या.

(दृश्य: बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत चिठ्ठ्या, सुतळीचे तुकडे.)

या सगळ्या लग्नपत्रिका. लग्नसराई संपली की बाई ओळखीच्या घरांतून पत्रिका मागून आणायच्या आणि कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापायच्या. बघा, या चिठ्ठीच्या मागे अजून अर्धा गणपती दिसतोय. एका चिठ्ठीवर एकच शब्द. तिवर. मीठ. चिखल. हवा. निवटी. चिठ्ठ्या जमिनीवर मांडायच्या, दोन चिठ्ठ्यांमध्ये सुतळी ठेवायची आणि त्या सुतळीवर आपला एक शब्द लिहायचा. शब्द सुचेपर्यंत सुतळी हातातच. "रेघेवर काय लिहिशील?" हा बाईंचा प्रश्न आम्ही झोपेतही ऐकायचो.

या पद्धतीचं मूळ खूप लांब आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक नावाचे शिक्षणतज्ज्ञ लहान मुलांच्या मुलाखती घेत होते. विज्ञानातल्या कल्पना मुलांच्या मनात कशा वाढत जातात, हे त्यांना बघायचं होतं. तीच मुलं, एकूण बारा वर्षं चाललेला अभ्यास. सुरुवातीलाच मुलाखतींचे ढीग साठले, आणि त्यांतून बदल नेमका कुठे झाला ते सापडेना. तेव्हा, 1972 साली, त्यांच्या गटाने प्रत्येक मुलाचं बोलणं चौकटी आणि रेघांमध्ये मांडून पाहिलं. संकल्पना नकाशा जन्मला तो असा, मुलाचं मन समजून घेण्यासाठी. शिकवण्याचं साधन तो पुढे झाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण बाईंनी तो शेवटपर्यंत तसाच वापरला.

वाशीच्या पुढचं स्टेशन मानखुर्द. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही या नकाशांवर संशोधन झालं आहे. बाई सुट्टीच्या दिवशी हार्बर लाइनने तिथे जायच्या, वाचायच्या, वहीत उतरवून आणायच्या. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये शिक्षक असलेल्या डेव्हिड हायर्ली यांचे आठ नकाशेही त्यांनी वर्गात करून पाहिले. त्यात तुलनेसाठी वेगळी आकृती, क्रमासाठी वेगळी, कारण-परिणामासाठी वेगळी. लहान वर्गांना ते सोपे जायचे. पण बाईंचा जीव सुतळीवरच.

(दृश्य: तिवराचं पान, अगदी जवळून. पानावर मिठाचे बारीक कण.)

एकदा दोघांचं जुंपलं. तिवर आणि मीठ, मधली सुतळी एकच. एकाने लिहिलं 'पितं', दुसरा म्हणाला, 'टाकतं'. बाईंनी उत्तर दिलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला खाडीवर नेलं आणि म्हणाल्या, "पान चाटून बघा." खारट! मग हळूहळू उलगडत गेलं. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, थोडं आत शिरतं, आणि ते पानं बाहेर टाकतात. सोमवारी त्या जागी दोन सुतळ्या आल्या, दोन शब्दांच्या.

सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. एका तपासणीत जमिनीवरच्या चिठ्ठ्या बघून साहेब म्हणाले, "बाई, हा खेळ कधी संपणार? पोर्शन कधी घेणार?" बाईंनी चिठ्ठ्या गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडल्या.

आता 'आकृती पूर्ण करा' हा प्रश्न कृतिपत्रिकेत असतो. चौकटी छापलेल्या, रेघा छापलेल्या, मुलाने धड्यातला शब्द शोधून भरायचा. आकृती वर्गात आली याचा बाईंना आनंद आहे. तरी त्या म्हणतात, "रेघ त्यांनीच ओढून दिली, मग पोराने विचार कुठे केला?" मलाही हेच वाटतं. दोन गोष्टी जोडाव्यात की नाहीत, आणि कोणत्या शब्दाने, हे ठरवताना मुलाचं डोकं खरं चालतं.

(दृश्य: आजचा वर्ग. फरशीवर चिठ्ठ्या. बाई बाकाच्या कडेला बसलेल्या.)

बाई निवृत्त झाल्या. डबा आता त्यांच्याच एका विद्यार्थिनीकडे आहे, आणि ती शिकवते सातवीला. आज बाईंना तिने मुद्दाम बोलावलंय.

निळ्या रिबिनीची ही मुलगी मघापासून दोन चिठ्ठ्या धरून बसली आहे. एकीवर 'निवटी', दुसरीवर 'आमचं जेवण'. हिचे आजोबा होडी घेऊन खाडीत जायचे.

"रेघेवर काय लिहिशील गं?" बाई विचारतात.

ती 'येते' असं लिहिते. थांबते. खोडते. मग पुन्हा लिहिते:

'आजोबांच्या वेळी यायची.'

(दृश्य: ती सुतळी ठेवते. दुसरी सुतळी उचलते आणि 'कारखाना' लिहिलेली चिठ्ठी शोधू लागते.)