बिशपाविना उभी राहिलेली मंडळी

ओंडके रचून बांधलेली ही खोली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, आल्टनबर्ग गावी आजही जपून ठेवली आहे. १८३९च्या डिसेंबरात इथे शाळा भरली. भोवती रान, आजाराने माणसं दगावताहेत, आणि आत मुलांना लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकवायचा बेत! पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, घडले नाहीत तर मंडळी, म्हणजे आपलं चर्च, टिकायची नाही, हे या लोकांनी ओळखलं होतं. मिझुरी सिनड हा लूथरन चर्चसंघ पुढे उभा राहिला तो यांच्यातूनच.

हे लोक जर्मनीतल्या सॅक्सनीचे, धर्मसुधारक मार्टिन लूथरला मानणारे. तिथल्या चर्चमध्ये बुद्धिवादाचं, म्हणजे श्रद्धेपेक्षा तर्काला मोठं मानण्याचं, वारं शिरलं होतं. लूथरची मूळ शिकवण उपदेशात ऐकू येईना. ड्रेस्डेनचे पाळक मार्टिन श्टेफान यांच्या शब्दावर सहाशेहून अधिक जण १८३८च्या अखेरीस पाच जहाजांतून निघाले. त्यांतलं 'अमालिया' समुद्रातच नाहीसं झालं.

वाटेतच श्टेफान बिशप झाले. मे १८३९मध्ये त्यांच्यावर व्यभिचाराचे आणि पैशांच्या अफरातफरीचे आरोप आले. लोकांनी त्यांना पदावरून उतरवलं, होडीत बसवलं आणि मिसिसिपीपलीकडे, इलिनॉयच्या काठावर नेऊन सोडलं.

मग मात्र लोक हवालदिल झाले. ज्याच्या भरवशावर देश सोडला, तोच असा निघाला. आता आपण मंडळी तरी आहोत का? आपल्याकडचं प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाचा पवित्र विधी, खरं का? परत जावं, असंही काही म्हणू लागले. एप्रिल १८४१मध्ये आल्टनबर्गला जाहीर वाद झाला. २९ वर्षांचे पाळक सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर बोलायला उभे राहिले. जिथे देवाचं वचन आणि बाप्तिस्मा-प्रभुभोजन हे संस्कार आहेत तिथे मंडळी आहेच, बिशप असो वा नसो, असं त्यांनी मांडलं. खचलेल्या माणसांना याहून मोठा आधार कोणता मिळाला असता?

२६ एप्रिल १८४७ला शिकागोत मिझुरी सिनड स्थापन झाली. वाल्थर पहिले अध्यक्ष. कारभार स्थानिक मंडळीच्या हाती, सिनडचं काम सल्ल्याचं. शिकवणीत मात्र तडजोड नाही: बायबल निर्दोष, लूथरन विश्वासलेख (श्रद्धेची अधिकृत मांडणी) बंधनकारक, स्त्रियांना पाळकपद नाही. १८९०च्या दशकात तिचे मिशनरी तमिळ मुलखात कृष्णगिरीला आले. आजच्या इंडिया इव्हँजेलिकल लूथरन चर्चचं मूळ त्यात आहे.

त्या ओंडक्यांच्या शाळेची पुढे सेंट लुईसमध्ये कॉन्कॉर्डिया सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, झाली. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा, म्हणजे इतर जुन्या ग्रंथांसारखी छाननी, करावी की नाही, यावरून तिथेच मोठी फूट पडली. जानेवारी १९७४मध्ये सेमिनरीचे अध्यक्ष जॉन टीट्जेन निलंबित झाले आणि १९ फेब्रुवारीला बहुतेक प्राध्यापक-विद्यार्थी आवाराबाहेर पडले. त्यांनी आपली निराळी सेमिनरी काढली. सिनडने आपली भूमिका बदलली नाही.