बारा लाख सबस्क्रायबर आहेत, मग याच्या टिपवर पैसे लावू का?

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात माझ्या मामाचा फोन आला. लालबागला राहतो, रिटायर झालाय, सगळी नोकरी फोर्टला, रोज दलाल स्ट्रीटच्या तोंडावरून जायचा पण शेअर आयुष्यात घेतला नाही, आणि आता म्हणतो अरे त्या अमक्या यूट्यूबरचा ४० हजारांचा शेअरचा कोर्स घेऊ का, १२ लाख लोक बघतात त्याला, एवढे लोक काय उगाच बघतात?

मी म्हटलं मामा थांब, आधी तो माणूस कमावतो कशातून ते बघू.

शेअरमधून की कोर्स विकून? आणि डिस्क्रिप्शनमध्ये डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडायची लिंक असते ना, त्यातून तुम्ही खातं उघडलंत की बऱ्याचदा त्याला कमिशन मिळतं, काही ठिकाणी तर तुमच्या प्रत्येक ट्रेडच्या ब्रोकरेजमधला, म्हणजे दलालीतला, वाटाही मिळतो. म्हणजे तुम्ही जितकी खरेदी-विक्री कराल तितका त्याचा फायदा, तुमचा होवो न होवो.

मग नोंदणी. पैसे घेऊन अमुक शेअर घ्या, तमुक विका असं सांगायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, सल्लागारांचे नियम २०१३ चे, रिसर्च अॅनालिस्टचे २०१४ चे. सल्लागाराचा नंबर आयएनए (INA) ने सुरू होतो, अॅनालिस्टचा आयएनएच (INH) ने. सेबीच्या साइटवर नंबर टाका आणि नाव जुळतंय का तेही बघा, कारण दुसऱ्याचा नंबर स्वतःचा म्हणून दाखवणारेही असतात. मामाने तासभर शोधलं, त्या माणसाचं नावच नाही.

तर मामा म्हणतो, अरे तो फक्त शिकवतो. ठीक आहे, पण जानेवारी २०२५ च्या सर्क्युलरमध्ये सेबीने म्हटलंय की फक्त शिकवणाऱ्याने मागच्या ३ महिन्यांतले भाव वापरून कुठल्याही शेअरचं नाव घेऊन बोलायचं नाही. आम्ही त्याचे व्हिडिओ लावले, तर कालचा चार्ट आणि वर टार्गेट, म्हणजे भाव कुठवर जाईल तो आकडा.

आणि सगळ्यात जास्त भीती मला कशाची वाटते सांगू, टेलिग्रामवरच्या फुकट टिपांची. शेअर असा निवडतात की रोज जेमतेम काही हजार हातबदल होतात, आधी स्वतः गुपचूप घेऊन ठेवतात, मग ग्रुपवर टाकतात, पब्लिक तुटून पडते, अप्पर सर्किट लागतं, म्हणजे भाव त्या दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकतो, तेवढ्यात ते सगळं विकून मोकळे. नंतर लोअर सर्किट, म्हणजे भाव खालच्या मर्यादेला, आणि तुम्ही सकाळी सव्वानऊला विकायला बसता तर समोर घेणाराच नाही. माझ्या एका मित्राचे घराच्या डाउन पेमेंटचे पैसे असेच गेले, मी बघितलंय त्याला.

प्रॉफिटच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावर लावलेले सौदे) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक ३ वर्षांत तोट्यात होते, त्यांचे स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही.

मामाने कोर्स घेतला नाही. काल एका नोंदणी असलेल्या सल्लागाराचं नाव पाठवलंय, नंबर तपासला, नाव जुळतंय, आता फी किती आणि कमिशन घेतो का हे विचारायला शनिवारी दोघं जातोय. तुमचे पैसे कुणी फसवून नेलेच असतील तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा.