पावसाळ्याआधी औषधांचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

औषधांचा डबा बहुतेक घरांत असतो. तो आज उघडा आणि आधी रिकामा करा, भरायचं नंतर बघू. तळाशी कापलेल्या स्ट्रिपा सापडतील, नेमका तारखेचा तुकडा गेलेल्या. नाव किंवा तारीख वाचता येत नसेल, तर ती गोळी घरात नको. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही नकोत. त्या पुढे भलत्याच दुखण्याला, अर्धवट घेतल्या जातात आणि जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

आता भरायला घेऊ. पहिला मान ओआरएसच्या पाकिटांचा. पावसाळ्यात जुलाब सुरू झाले, की लहान मुलाच्या अंगातलं पाणी आणि क्षार भराभर कमी होतात, खरा धोका तो. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एकाच वेळी, पूर्ण घालायचं. पेल्यात चिमूट-चिमूट टाकून देणारे पुष्कळ भेटतात. त्याने प्रमाणच बिघडतं. लहान पाकिटाला किती पाणी, ते त्यावरच छापलेलं असतं. उरलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. पाकीट संपलं असेल, तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा.

तापाला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांमध्ये निदान चार ते सहा तासांचं अंतर. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि बाटलीसोबत आलेल्या मापानेच मोजा. या दिवसांत डेंग्यू असू शकतो, म्हणून तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून नको, रक्तस्राव वाढू शकतो. पारा फुटण्याची भीती नको असेल, तर डिजिटल थर्मामीटर घ्या.

जखमेसाठी गॉजच्या घड्या, रोलर बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, पोविडोन आयोडीनचं मलम. कापूस उघड्या जखमेवर दाबू नका, त्याचे धागे आत अडकतात. खरचटलं की आधी वाहत्या पाण्याने स्वच्छ धुवा, मलम मागाहून.

भाजण्यासाठी मात्र डब्यात काही शोधू नका. नळाखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ, यांतलं काहीही नको. आजीने लावलं होतं, हे मला ठाऊक आहे, तरीही नको.

कुत्रा चावला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्यायला निघा. साप चावला, तर घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं हे सगळं वर्ज्य. माणसाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका, १०८ वर फोन करा.

डबा मोरीत किंवा शेगडीवरच्या फळीवर ठेवू नका, ओल आणि उष्णतेने गोळ्या खराब होतात. कोरड्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच, पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असलेला. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा: १०८, जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि कुणाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते. मोठ्या अक्षरांत लिहा, घाईत चष्मा सापडत नाही.