पापणी वर आली, झोपेत डोळा उघडा राहिला

नमस्कार. बाहेर पाऊस आहे, मध्य रेल्वे उशिरा धावतेय, तरी एवढे आईबाबा दादरपर्यंत आलात. तेव्हा प्रस्तावना गाळतो.

पडलेली पापणी उचलण्याच्या ऑपरेशननंतर आठवड्याने तपासणीला येणारे पालक मला हमखास विचारतात, "डॉक्टर, पापणी छान वर आली, पण पोर झोपेत डोळा उघडा ठेवतं. काही बिघडलं का?" हे खरं तर आम्हीच आधी सांगायचं असतं. ओपीडीच्या गर्दीत राहून जातं, आणि मग घरी रात्री घाबरगुंडी उडते.

जन्मतः पडलेल्या पापणीत तिला उचलणारा स्नायू बहुतेक वेळा नीट घडलेलाच नसतो. स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट धागे असतात. त्यामुळे तो पुरता आकसत नाही आणि पुरता सैलही पडत नाही. अशा मुलाला जमिनीकडे बघायला सांगा. चांगल्या डोळ्याची पापणी खाली येईल, ही मात्र वरच अडकेल. काही मुलं ऑपरेशनच्या आधीपासूनच डोळा किंचित उघडा ठेवून झोपतात, कुणी निरखून पाहिलेलं नसतं इतकंच.

आम्ही भुवईवर अंगठा दाबून धरतो, नाहीतर पोरं कपाळाने चोरी करतात, आणि पट्टीने मोजतो. खाली बघण्यापासून वर बघेपर्यंत निरोगी पापणी 15 मिलिमीटरच्या आसपास हलते. 4 किंवा त्याहून कमी हलली, तर पापणी कपाळाच्या स्नायूला बांधावी लागते, सिलिकॉनच्या बारीक दोरीने किंवा मांडीतून काढलेल्या चिवट पडद्याच्या पट्टीने. मूल भुवई उचलतं आणि पापणी उघडते. पण झोपेत कपाळ सैल पडलं तरी दोरीची लांबी तेवढीच राहते. नवा स्नायू काही आम्ही देऊ शकत नाही. म्हणून डोळा उघडा राहणं ही चूक नव्हे, या सौद्यातली ती किंमत आहे. गुंतागुंत सुरू होते ती बुबुळ कोरडं पडल्यावर.

बुबुळाचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो रात्रभर उघडा, आणि वर आपला पंखा. मुंबईच्या एका खोलीत चौघं झोपतात, पंखा भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळ्यांना पुरवायचा असतो. दिवसा थेंब आणि रात्री मलम लिहून देतो, पण मलम चिकट, उशीचा अभ्रा खराब होतो, म्हणून तिसऱ्या दिवसापासून बंद! खालची पापणी हलकेच ओढून आत तांदळाच्या दाण्याएवढं सोडायचं, पूर्ण झोप लागल्यावर. पोर जागं असताना प्रयत्न केलात तर घरात महाभारत.

डोळा लाल झाला, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, यातलं काहीही दिसलं तर सोमवारची वाट पाहू नका. केमिस्टकडून "लालीचे थेंब" तर मुळीच आणू नका; त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळाला जंतूची लागण झालेली असली, तर जखम चिघळते. आम्ही एक पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतो. बुबुळ सोललं असेल तिथे हिरवं चमकतं. कधी दोरी सैल करून पापणी पुन्हा खाली सोडावी लागते. पालकांना तो पराभव वाटतो. मला तसं वाटत नाही. पापणी पुन्हा उचलता येते, बुबुळावरचा डाग मात्र सहज जात नाही.

बाकीचं भरभर सांगतो. पापणी हवी तेवढी वर न येणं, हे बरंच आढळतं. कमान वेडीवाकडी दिसते, पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात. सिलिकॉन कधी सरकतं, कधी त्वचेतून बाहेर डोकावतं, तिथे गाठ किंवा पू होतो. मांडीची पट्टी जास्त टिकते, पण तीन वर्षांखालच्या मुलाची मांडीच तोकडी पडते. ऑपरेशनमध्ये डोळ्याचे स्नायू ओढले की नाडी मंदावू शकते; आश्नर आणि दाग्निनी यांनी 1908 साली नोंदवलेली ही प्रतिक्रिया. भूलतज्ज्ञ "सोडा" म्हणतात, आम्ही हात सैल करतो, बहुधा नाडी लगेच परत येते.

एक गोष्ट मात्र गुंतागुंतीच्या यादीत नसते. पापणी वर आली म्हणजे नजर आली, असं समजून चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर लावायची पट्टी सोडून देणं. पापणीखाली झाकला गेल्याने नीट बघायला न शिकलेला, म्हणजे आळशी झालेला डोळा सुधारायची खरी मुदत सात-आठ वर्षांपर्यंतची. फोटोत दोन्ही डोळे सारखे दिसतात, आणि एकच डोळा वाचत असतो.

कळव्याच्या एका आईने मला रात्री दोन वाजता मोबाइलच्या टॉर्चमध्ये काढलेला फोटो पाठवला होता. फटीतून फक्त पांढरं दिसत होतं, लाली नव्हती. म्हणजे झोपेत बुबुळ वर सरकून पापणीखाली लपलं होतं. ऑपरेशनआधी आम्ही हेच तपासतो. बुबुळ वर जात नसेल, तर पापणी मुद्दाम थोडी खाली ठेवतो. फटीत काळं दिसलं असतं, तर तिला सकाळीच बोलावलं असतं. खाली तिने लिहिलं होतं, "पंखा बंद केलाय, आम्ही सगळे घामाघूम." मी उत्तर पाठवलं, "मलम घाला, पंखा लावा, आणि बाळाला वाऱ्याच्या झोतातून बाजूला सरकवा."