मुलाला घेऊन नेमकं जायचं कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

नववीतली मुलगी तीन आठवडे धड झोपलेली नाही, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखतं, सोनोग्राफीत काही निघत नाही. अशा वेळी देवऋषी होतो, क्लास बदलून होतो. मनोविकार विभाग सगळ्यात शेवटी आठवतो.

प्रवासाआधी फोन करा. १४४१६, टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मुलांनी स्वतः केला तरी चालतो.

प्रत्यक्ष तपासणी जिल्हा रुग्णालयात. केसपेपर काढताना खिडकीवर 'मनोविकार ओपीडी' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'डोकं दुखतं' म्हणालात की मेडिसिनच्या रांगेत लावतात आणि सकाळ तिथेच जाते. सोबत मुलाच्या यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या वह्या न्या. अक्षर कधी बिघडलं, पानं कधीपासून कोरी राहिली, हे त्यात दिसतं. पालकांच्या सांगण्यातून ते बहुधा निसटतं. आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि आठवडाभराच्या झोपेची नोंदही असू द्या. अभ्यासाचीच तक्रार असेल, तर कान-डोळे आधी तपासून घ्या. आणि डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलू म्हणाले, तर बाहेर थांबा. आईबापांसमोर चौदा वर्षांचं पोर काय बोलणार?

दहा ते एकोणीस वयोगटासाठी अनेक सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतं. तिथे समुपदेशक भेटतात. औषध लिहून देणं त्यांचं काम नव्हे, पण गरज पडली तर पुढे पाठवतात. बोलायला उशीर, नजरेला नजर न देणं अशा लहान मुलांच्या तक्रारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा.

मुलाने जिवाचं काही बरंवाईट करायचा प्रयत्न केला असेल, तर १०८ लावा, थेट अपघात विभाग गाठा, घेतलेल्या औषधाची बाटली सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली होती असंच धरतं आणि शिक्षेपासून वाचवतं. घरी परतण्याआधी फवारणीची औषधं नि गोळ्या कुलपात गेल्या पाहिजेत.

भरती करावं लागलं, तर हाच कायदा सांगतो की अल्पवयीन मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं आणि जवळचं माणूस सोबत राहू द्यायचं. हे मागून घ्या.

उपचार बहुतेक वेळा फसतो तो गोळ्यांपाशी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ होऊ शकतं, तेव्हा नजर हवी. 'काही फरक नाही' म्हणून पंधराव्या दिवशी गोळ्या बंद केल्या जातात. तसं करू नका. बंद करायच्याच असतील, तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच पुढची फेरी मारा. त्या दिवशी ओपीडी बंद निघाली, तरी हाताशी दिवस राहतात.