पट्ट्या भरल्या, तरी पान उघडेना

श्रोतेहो, नमस्कार.

हा कार्यक्रम तुम्ही एफएमवर ऐकत असाल, तर माझा आवाज घेऊन आलेली लहर सुमारे ३ मीटर लांबीची आहे. खोलीतलं वायफाय हेही रेडिओच. फक्त त्याची लहर आखूड असते: २.४ गिगाहर्ट्झला साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झला सहाच्या आसपास. ५ वर वेग जास्त मिळतो, पण ती लहर भिंतीत लवकर विरते. दोन खोल्या पलीकडे बसणाऱ्याला बऱ्याचदा २.४ च बरं पडतं.

रेडिओवर मी एकटा बोलतो, तुम्ही ऐकता. वायफायवर मात्र सगळेच बोलतात, तेही एकाच वाहिनीवर, आणि दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं वाया जातं. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची केंद्रं रेडिओनं जोडली, तेव्हा हाच पेच होता. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अलोहानेटचं उत्तर मला आजही फार सुंदर वाटतं: टक्कर झाली, तर प्रत्येकानं आपापला, कसाही निवडलेला थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. वायफायनं त्यात भर घातली. ते बोलण्याआधी कानोसा घेतं; वाहिनीवर कुणी बोलत असेल, तर थांबतं. त्याचं पहिलं मानक, ८०२.११, १९९७ मध्ये आलं. वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट.

कानोशाची ही रीत कळली की शेजारचा राउटर आपला वेग का खातो तेही कळतं. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. गर्दी पाहून मुद्दाम ३ किंवा ४ निवडणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. मग १ वाल्यांचा आणि ६ वाल्यांचा, दोघांचाही गोंगाट तुमच्या वाट्याला येतो, आणि तुमचा त्यांच्या.

हवा सगळ्यांना मोकळी असल्यामुळे कुलूप हवंच. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धत ठेवा, नसेल तर डब्ल्यूपीए२. जुनं डब्ल्यूईपी नको.

आता मला मनापासून सांगायचंय ते हे. नवशिके सिग्नलच्या पट्ट्या बघतात आणि तिथेच थांबतात. त्या पट्ट्या सांगतात ते फक्त राउटरपर्यंतच्या लहरीचं. त्यापुढे डीएचसीपी ही सेवा तुमच्या यंत्राला पत्ता देते, तोही ठरावीक मुदतीनं, भाड्यानं दिल्यासारखा. सेटिंगमध्ये तुमचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होताना दिसला, तर पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही आणि यंत्रानं स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय, असं समजा. अशा वेळी अँटेना फिरवून काही होणार नाही.

पत्ता ठीक आहे, तरी पान उघडत नाही? मग डीएनएसकडे बघा. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली ही सेवा नावावरून अंकी पत्ता शोधून देते. ८.८.८.८ या गूगलच्या डीएनएसच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघा, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाचा पत्ताच सापडत नाही, असं झालं तर तुमचं वायफाय धडधाकट आहे. सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता बदला आणि पान पुन्हा उघडून बघा.